देहभान आणि वापसा : एका वाक्प्रचाराच्या इतिहासाविषयी

भावनेच्या आवेगाने माणूस स्वतःवरचा ताबा गमावतो, ही अवस्था सांगण्यासाठी इंग्रजीत 'बिसाइड वनसेल्फ' असा एक जुना वाक्प्रचार आहे. शोक, संताप, भीती, हर्ष यांपैकी कोणत्याही भावनेच्या अतिरेकासाठी तो चालतो. मराठीत त्याचे भाषांतर करताना आपण बहुधा 'देहभान हरपणे' किंवा 'भान सुटणे' असे म्हणतो आणि पुढे जातो. अर्थाच्या दृष्टीने हे भाषांतर चुकीचे नाही. परंतु वाक्प्रचार हे अर्थाइतकेच इतिहासाचेही वाहक असतात, आणि या दोन वाक्प्रचारांचे इतिहास फार वेगळ्या वाटांनी गेलेले आहेत. ते एकमेकांवर ठेवल्यामुळे आपल्या समीक्षेत एक घोटाळा शिरला आहे, असे मला वाटते. साहित्यकृतीने वाचकाला भारावून टाकणे हाच तिचा कळस, असे आपण गृहीत धरू लागलो. आणि भारावलेला माणूस परत कसा येतो, कोणासाठी येतो, हा प्रश्न विचारायचे सोडून दिले. जुन्या मराठी परंपरेत मात्र हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा होता.

प्रथम इंग्रजी वाक्प्रचाराकडे पाहू. आजच्या इंग्रजीत 'बिसाइड' म्हणजे 'शेजारी'. त्यामुळे हा वाक्प्रचार ऐकताच, माणूस स्वतःच्याच शेजारी उभा आहे, असे चित्र डोळ्यांसमोर येते. काही लोकप्रिय स्पष्टीकरणांत ते रंगवूनही सांगितलेले असते. पण जुन्या इंग्रजीत 'बिसाइड' या शब्दाला 'बाहेर', 'पासून दूर' असाही अर्थ होता. एखादा मुद्दा प्रस्तुत विषयाला सोडून आहे, असे म्हणताना इंग्रजीत आजही हाच शब्द येतो, तो त्या जुन्या अर्थाचा अवशेष होय. तेव्हा मूळ कल्पना स्वतःच्या शेजारी असण्याची नसून स्वतःच्या बाहेर असण्याची आहे. इंग्लंडचा आद्य मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने १४९० च्या सुमारास 'एनिडोस' हे पुस्तक छापले. ते व्हर्जिलच्या महाकाव्याचे थेट भाषांतर नव्हे. फ्रेंच रूपांतरावरून केलेले गद्य रूपांतर आहे, आणि त्याचा मोठा भाग डायडोच्या कथेने व्यापलेला आहे. या वाक्प्रचाराचा सर्वांत जुना छापील दाखला म्हणून त्याच पुस्तकाकडे बोट दाखविले जाते, आणि तेथे तो वेड्यापिशा झालेल्या एका स्त्रीसाठी आलेला आहे. फ्रेंचमध्ये 'स्वतःच्या बाहेर' अशा अर्थाचा 'ऑर द स्वा' हा प्रयोग होताच. इंग्रजी रूप त्याच्याच वळणाचे आहे.

या वाक्प्रचाराला इंग्रजीत खरी प्रतिष्ठा मिळाली ती बायबलच्या भाषांतरांमुळे. १६११ च्या अधिकृत भाषांतरात तो महत्त्वाच्या ठिकाणी येतो. मार्काच्या शुभवर्तमानात येशूचे आप्तच तो 'स्वतःच्या बाहेर' गेला आहे असे समजून त्याला धरायला निघतात. प्रेषितांच्या कृत्यांत रोमन सुभेदार फेस्तुस पौलाला तेच म्हणतो. मौज अशी की मूळ ग्रीकमध्ये या दोन ठिकाणी दोन निरनिराळी क्रियापदे आहेत. पहिले 'एक्स्टॅसिस'च्या कुळातले, म्हणजे आपल्या जागेवरून बाहेर उभे राहण्याचे. दुसरे 'मेनिया'च्या कुळातले, म्हणजे वेडाचे. इंग्रजी भाषांतरकारांनी दोन्हींना एकच वाक्प्रचार वापरला. त्यामुळे उन्मनी अवस्था आणि वेड यांच्यातली सीमारेषा इंग्रजी वाचकासाठी पुसट झाली. या वाक्प्रचारात आजही जी दुहेरी छटा जाणवते, थोडी आदराची आणि बरीचशी संशयाची, तिचे मूळ या मिश्रणात असावे.

तिसरा दाखला आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो त्याचा आशय असा : आम्ही स्वतःच्या बाहेर असलो तर ते देवासाठी, आणि शुद्धीवर असलो तर ते तुमच्यासाठी. बाहेर जाणे देवाच्या खात्यावर आणि परत येणे श्रोत्यांच्या खात्यावर, अशी ही वाटणी आहे. तिची आठवण पुढे ज्ञानेश्वरीकडे वळताना ठेवावी लागेल.

'एक्स्टॅसिस' हा शब्द साहित्यविचारातही आहे. उदात्ततेविषयीच्या लाँजायनसच्या ग्रंथाच्या आरंभीच असे प्रतिपादन आहे की उदात्त शब्द श्रोत्याला पटवून देत नाही, तो त्याला स्वतःच्या बाहेर काढतो. पाश्चात्त्य स्वच्छंदतावादाने या विचाराला उचलून धरले आणि इंग्रजी शिक्षणाबरोबर तो आपल्याकडे आला. येताना तो ज्या मराठी शब्दांच्या अंगावर बसला, ते शब्द मात्र रिकामे नव्हते.

'भान' हा शब्द संस्कृत 'भा' या धातूपासून आला आहे. प्रकाशणे, भासणे हा त्याचा अर्थ. वेदान्तात वस्तूचे वर्णन 'अस्ति, भाति, प्रिय' असे करतात. त्यातले 'भाति' म्हणजे ती वस्तू प्रकाशते, जाणवते. देहभान म्हणजे देह असल्याचा उजेड. तो हरपतो तेव्हा देह कोठे जात नाही, 'मी'ही कोठे जात नाही. उजेड तेवढा मावळतो. इंग्रजी वाक्प्रचाराचे रूपक जागेचे आहे, मराठीचे प्रकाशाचे. जागा सोडून गेलेल्या माणसाला परत येण्यासाठी अंतर कापावे लागते. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात इंग्रजी भाषांतर त्या मुलाविषयी 'तो स्वतःकडे आला' असेच म्हणते, आणि मग तो घराकडेही निघतो. मराठीत 'स्वतःकडे येणे' असा रूढ प्रयोग नाही. मराठी माणूस भानावर येतो.

या 'वर' प्रत्ययाकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. भानावर येणे, शुद्धीवर येणे, ताळ्यावर येणे : तिन्ही ठिकाणी 'वर' आहे. बुडालेला माणूस पाण्यावर यावा तशी ही चाल आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु याच घडणीचा आणखी एक प्रयोग मराठीत आहे, आणि तो शेतीतला आहे. जमीन वापशावर येते. जमीन घातीवर येते. ही सारी रूपे शेजारी ठेवली की भाषेच्या मनात या दोन घटना एकाच जातीच्या असाव्यात असे वाटू लागते. हे केवळ व्याकरणाच्या योगायोगावर सोडून द्यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्ञानदेवांनी ते तसे सोडलेले नाही.

त्याआधी मराठीतल्या दुसऱ्या एका शब्दाचा हिशेब चुकता करू. 'बेभान' या शब्दात 'बे' हा फारसी उपसर्ग आणि 'भान' हे संस्कृत नाम एकत्र नांदतात. 'बेशुद्ध' या शब्दाचीही घडण तशीच आहे. 'बेहोश', 'बेखुद' यांसारखे फारसी शब्द समोर असल्याशिवाय अशी घडण संभवत नाही. सूफी परंपरेतील 'बेखुदी' म्हणजे 'खुद' नसण्याची अवस्था; तेथे स्वतःच्या बाहेर जाणे नाही, स्वतःचे विरून जाणे आहे. मराठवाडा शतकानुशतके दख्खनच्या फारसी-उर्दू राज्यव्यवहारात होता, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. त्यामुळे तेथल्या बोलीत 'होश' आणि 'सुध' हे दोन शब्द एकाच वाक्यात येऊ शकतात. 'बेभान'ने मात्र बेखुदीतली आध्यात्मिकता घेतली नाही. देहभान हरपलेला माणूस आदराला पात्र, बेभान झालेला माणूस सांभाळून राहण्याजोगा, आणि बेशुद्ध माणूस वैद्याकडे नेण्याचा, अशी तीन घरे मराठीने केली. एकाच मुळाच्या अवतीभवती हा जो दर्जाभेद आहे, तो सामाजिक आहे. कोणाच्या आवेगाला कोणता शब्द मिळेल, हे समाज ठरवतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण तेरणा नदीच्या काठी सापडते. तेरणा धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातून वाहत पुढे मांजरेला मिळते. तिच्या काठी तेर आहे, इतिहासकारांचे तगर आणि वारकऱ्यांचे गोरोबाकाकांचे गाव. आणि खाली लोहारा तालुक्यात माकणी आहे, जेथे निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण बांधलेले आहे. देहभान या शब्दाचा मराठी मनावरचा संस्कार ज्या एका कथेने सर्वांत खोल केला, ती कथा तेरची आहे. गोरा कुंभार चिखल तुडवताना नामात दंग झाले. पत्नी पाणी आणायला गेली होती. रांगते मूल चिखलात आले आणि बापाच्या पायांखाली तुडवले गेले. महिपतीच्या 'भक्तविजया'ने (१७६२) ही कथा घरोघरी नेली, आणि कीर्तनकारांनी ती पिढ्यान् पिढ्या सांगितली.

ही कथा आपण देहभान हरपण्याची कथा म्हणून ऐकतो. तिच्यात दोन आवेग आहेत, हे सहसा लक्षात घेत नाही. पाणी घेऊन परतलेल्या आईचा आवेग हा दुसरा. त्यासाठी मराठीने दिलेले शब्द पाहावेत : आकांत, आक्रोश, टाहो, हंबरडा. हंबरडा हा शब्द तर गाईच्या हंबरण्यावरून आलेला. बापाच्या आवेगाला वेदान्ताचा शब्द आणि आईच्या आवेगाला गोठ्यातला, ही वाटणी कथेत इतकी सहज झालेली आहे की ती खटकतही नाही. आणखी एक गोष्ट. भानावर आलेल्या गोरोबांची पहिली प्रतिक्रिया कथेच्या रूढ रूपात शोकाची नाही, भजन मोडल्याच्या रागाची आहे. ते पत्नीवर धावून जातात. ती त्यांना विठ्ठलाची आण घालते, मला शिवू नका म्हणून. पुढची सारी कथा ही त्या आणेची कथा आहे. ज्या देहाचे भान हरपले, तोच देह पुढे कथेचा विषय होतो : स्पर्श वर्ज्य, दुसरा विवाह, आणि शेवटी नकळत झालेल्या स्पर्शाचे प्रायश्चित्त म्हणून स्वतःचे हात तोडणे. पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात हात परत येतात आणि मूलही रांगत येते, तेव्हा कथा संपते.

चमत्काराचा भाग श्रद्धेचा आहे. त्याविषयी येथे बोलायचे नाही. कथनाच्या रचनेपुरते पाहायचे तर ही कथा देहभान हरपल्यावर थांबत नाही. हरपणे एका क्षणात आटोपते. परत येणे हेच सारे आख्यान आहे, आणि ते महाग आहे. जो समीक्षक या कथेतून 'कलावंताची तल्लीनता' एवढेच उचलतो, तो तिचा आरंभ वाचून पुस्तक मिटतो. आपल्याकडे अशी उचल पुष्कळ झाली आहे.

जिल्ह्यातल्या आणखी एका परंपरेने हे चित्र गुंतागुंतीचे होते. तुळजापूरच्या भवानीच्या उपासनेत आराधी आणि गोंधळी यांच्या मेळ्यांत 'अंगात येणे' हा प्रकार आहे. इंग्रजी वाक्प्रचाराच्या हे नेमके उलट टोक : येथे माणूस स्वतःच्या बाहेर जात नाही, दुसरे कोणीतरी आत येते. 'वारं येणे', 'संचार होणे' हे प्रयोगही त्याच दिशेचे. शिवाय येथे ज्यांच्या अंगात येते त्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते, आणि तेवढ्या वेळापुरता त्यांच्या शब्दाला मान असतो. तेव्हा स्त्रीच्या आवेगाला मराठीने फक्त गोठ्यातला शब्द दिला, असे सरसकट म्हणता येणार नाही. मात्र 'काय अंगात आलंय का?' हा टोमणा त्याच वाक्प्रचारातून निघाला, हेही विसरता येत नाही. 'देहभान'ची अशी टिंगल भाषेने फारशी केलेली नाही.

आता ज्ञानेश्वरीकडे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या नवव्या अध्यायाच्या अखेरीस एक प्रसंग आहे, जो मूळ गीतेत नाही. कृष्णाचे बोलणे सांगता सांगता संजयच भारावून जातो. चित्त थबकते, वाणी जागच्या जागी पांगळी होते, अंगावर रोमांच येतात, अर्धे मिटलेले डोळे वाहू लागतात, घामाचे थेंब फुटतात, शरीर कापते. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात भरताने सांगितलेल्या आठ सात्त्विक भावांची ही जवळजवळ पूर्ण मांडणी आहे : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. त्यातला शेवटचा, प्रलय, म्हणजे जाणीव लोपणे. महापुराचे आणि विश्वाच्या लयाचे नाव शास्त्रकारांनी एका माणसाच्या मूर्च्छेला द्यावे, यातच आवेगाविषयीची एक कल्पना आहे. इंग्रजी 'ओव्हरव्हेल्म' या क्रियापदातही मूळ कल्पना उलथण्याची, बुडवण्याची आहे; पाण्याने नाव पालथी व्हावी तशी. पाण्याचे रूपक दोन्हीकडे आहे. फक्त तिकडे ते नावेवर कोसळते आणि इकडे ज्ञानदेव ते शेतावर पडू देतात.

कारण संजयाचा प्रलय पुरा होत नाही. जीवदशाच आटून जायची वेळ येते, तेव्हा व्यासांनी सोपविलेले काम आड येते. ते तसे होऊ देत नाही. कृष्णाचे शब्द पुन्हा कानांत घोंघावत येतात आणि त्यांनी देहस्मृतीचा 'वापसा' होतो. हा शब्द ज्ञानदेवांचा आहे. संजय डोळे पुसतो, घाम टिपतो आणि धृतराष्ट्राला लक्ष द्यायला सांगतो. लगेच पुढे ज्ञानदेव हे रूपक शेवटास नेतात : कृष्णवाक्य हे निवडक बियाणे, संजयाचे सात्त्विक भाव हा 'बिवड', आणि श्रोत्यांच्या वाट्याला येणार आहे ते प्रमेयाचे पीक.

हे शब्द शहरातल्या वाचकाला टीप पाहून समजून घ्यावे लागतात. माकणीच्या शिवारात त्यांना टीप लागत नाही. मोठा पाऊस झाल्यावर काळी, भारी जमीन चिकट होते. औत घातले तर ढेकूळ निघते, पाभर घातली तर बी गाडले जाते आणि कुजते. काही दिवस थांबावे लागते. वरचे पाणी मुरते, मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाण्याबरोबर हवेलाही जागा होते, माती हातात दाबली तर गोळा होते पण चिकटत नाही. हा वापसा, बोलीत वाफसाही म्हणतात. हलक्या रानात तो लवकर येतो, भारी रानात उशिरा. पाणी साचून चिबडलेल्या रानात तो येतच नाही. मृगाच्या पावसानंतर गावोगाव पहिली चौकशी होते ती याचीच, आणि कृषी विद्यापीठांच्या सल्ल्यांतही 'वापसा येताच पेरणी करावी' हे वाक्य दरवर्षी असते. बिवड म्हणजे आधीच्या पिकाने पुढच्या पिकासाठी करून ठेवलेली जमिनीची स्थिती. मराठवाड्यात बेवड म्हणतात. हरभऱ्या-तुरीसारखी द्विदल पिके जमिनीला नत्र देतात म्हणून त्यांची बेवड चांगली मानतात.

तेव्हा ज्ञानदेवांच्या मते आवेग हा पाऊस आहे. तो पडलाच नाही तर पेरणीच नाही. पण पाऊस पडत असताना कोणी पेरत नाही. संजयाच्या अश्रू-रोमांचांना ते पीक म्हणत नाहीत, बिवड म्हणतात : ते आधीचे पीक, ज्याने जमीन तयार झाली. पीक पुढचे आहे, आणि ते श्रोत्याचे आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादातील सात विघ्ने सांगितली त्यांत 'निजसुखादिविवशीभाव' हे एक आहे, म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे. रसिकाने भारावणे आणि रसिकाने विवश होणे या दोन गोष्टी तेथे काटेकोरपणे वेगळ्या ठेवलेल्या आहेत. ज्ञानदेवांनी शेतीच्या दोन शब्दांत तो भेद केला, शिवाय त्यात काळ घातला : आधी चिंब, मग वापसा. शास्त्रकारांच्या मांडणीत हा क्रम इतका स्पष्ट नाही.

आधुनिक मराठी समीक्षेत या भेदाची आठवण ठेवणारा एक प्रयत्न झाला. १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका पूर्णपणे सोडत नाही. या दुहेरीपणातच वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा आशय. या कल्पनेवर पुष्कळ टीका झाली. तिच्यातले पारिभाषिक शैथिल्य टीकाकारांनी दाखवले ते बरोबरच होते. पण ती बाजूला पडल्यावर जे उरले ते नुसत्या 'समाधी'चे कौतुक. परीक्षणांतून 'वाचक बेभान होतो', 'भान हरपून जाते' ही वाक्ये प्रशस्तिपत्रासारखी छापली जाऊ लागली, आणि संयमाने सांगितलेली गोष्ट 'कोरडी' ठरू लागली. लाँजायनसचा अर्धा विचार आणि गोरोबांची अर्धी कथा यांच्या बेरजेतून हा निकष तयार झाला.

हा निकष निव्वळ वाङ्मयीन असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तेरणेच्या याच खोऱ्यात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून लोक रात्री उशिरा झोपले होते. सुमारे ६.२ तीव्रतेच्या या भूकंपात लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर यांच्या परिसरातली गावे उद्ध्वस्त झाली. मृतांची संख्या साडेसात हजारांहून अधिक होती. काही नोंदींत ती जवळजवळ दहा हजार आहे. माकणीच्या जलाशयामुळे भूकंप झाला का, यावर पुढे भूशास्त्रज्ञांत वाद झाला. एकमत झाले नाही. माणसे मेली ती मुख्यतः घरांमुळे. दगड आणि चिखल यांच्या जाड भिंती, त्यांवर मातीचे जड माळवद. ते झोपलेल्यांवर कोसळले. चिखलात गेलेल्या एका मुलाची कथा पिढ्यान् पिढ्या ऐकलेल्या या खोऱ्यात त्या पहाटे किती मुले मातीखाली गेली, याचा उल्लेख केल्यावाचून तेरच्या त्या कथेविषयी आता बोलता येत नाही.

वाचलेल्यांच्या अवस्थेसाठी त्या दिवसांत जो शब्द सर्वत्र वापरला गेला तो 'सुन्न' हा होता. संस्कृत 'शून्य' प्राकृतात 'सुण्ण' झाला, आणि त्याचा हा वंशज. तो वर सांगितलेल्या कोणत्याच घरात बसत नाही. त्यात बाहेर जाणे नाही, आत येणे नाही, पूर नाही, प्रलयही नाही. सुन्न माणूस रडत नाही. सात्त्विक भावांच्या यादीतला 'स्तंभ' त्याच्या जवळ जातो, पण स्तंभात काहीतरी थांबलेले असते. सुन्न माणसात थांबायलाही काही उरलेले नसते. या अवस्थेसाठी 'देहभान हरपणे' हा शब्द वापरणे म्हणजे तिला जी प्रतिष्ठा नको आहे ती देणे, आणि 'बेभान' म्हणणे म्हणजे तिचा अपमान करणे. बोलीने दोन्ही टाळून तिसरा शब्द घेतला, यात भाषेची जाण दिसते.

अशा प्रसंगातून आलेल्या कथनाकडे समीक्षा कोणती मागणी करते, हा खरा प्रश्न आहे. आपत्तीनंतर लिहिल्या जाणाऱ्या बऱ्याचशा वृत्तान्तांत आणि कवितांत हंबरड्याला जागा असते. छायाचित्रकार हंबरडा शोधतो, कवी हंबरडा शोधतो, आणि परीक्षक 'काळीज पिळवटून टाकणारे' असे म्हणून त्यावर शिक्का मारतो. जे माणूस सावकाश, क्रमाने, नावे घेऊन सांगते, कोणत्या खोलीत कोण झोपले होते, भिंत कोणत्या बाजूला पडली, आधी कोणाचा हात लागला, त्याचे सांगणे या निकषावर 'साधे' ठरते. वस्तुतः ते सांगणे वापशावर आलेले असते. त्यामागे किती दिवसांचे, कधी किती वर्षांचे मुरणे आहे, हे ऐकणाऱ्याला कळत नाही, एवढेच. भारी रानात वापसा उशिरा येतो, हे माकणीच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही; परीक्षकाला मात्र सांगावे लागते. मराठवाड्यात या भूकंपाविषयी जे लिहिले गेले ते पुन्हा वाचताना, त्यातले कोणते लेखन पावसात झाले आणि कोणते वापशावर, असा प्रश्न विचारला तर आपली क्रमवारी बदलेल, असे मला वाटते. पावसातल्या लेखनाला किंमत नाही, असे नव्हे. ते बिवड आहे.

एक आक्षेप येथे संभवतो. संजय परत येऊ शकला, कारण युद्धात त्याचे स्वतःचे कोणी पडत नव्हते. तो साक्षी होता, आणि त्याचा आवेग आनंदाचा होता. ज्याचे घरच मातीखाली गेले त्याला संजयाचा दाखला देणे क्रूरपणाचे आहे. हा आक्षेप मोठ्या प्रमाणात मान्य करावा लागतो. तेरच्या कथेतली आई ही अशा माणसाची प्रतिनिधी. आणि तिच्या वापशाविषयी परंपरेने फारसे काही सांगितलेले नाही. ती आण घालते, आणि कथा पुढे नवऱ्याच्या हातांची होते. तिच्या बाजूने ही कथा सांगायची तर तिला कोणता शब्द द्यावा लागेल, हे अजून ठरायचे आहे. ओव्यांची जात्यावरची परंपरा त्या दिशेने तपासण्याजोगी आहे. दळताना गायलेल्या ओवीत शोक असतो, पण हात चालू असतात.

मात्र आक्षेपाचा दुसरा भाग, संजयासमोर ऐकणारा कोण होता याचा विसर पाडतो. ज्याची मुले त्या युद्धात पडणार होती तो धृतराष्ट्र समोर बसला होता. पौलाने शुद्धीवर असणे श्रोत्यांच्या खात्यावर टाकले. पण त्याचे श्रोते निदान ऐकू इच्छिणारे होते. ज्ञानदेवांनी त्याच अध्यायात या म्हाताऱ्याचे वर्णन केले आहे : पुराच्या पाण्यात म्हैस बसून राहावी आणि उठू नये, तसा तो स्वस्थ आहे. ज्या पाण्याने संजय चिंब होतो, तेच पाणी याच्याही अंगावरून जाते आहे. संजयाला ते दिसते. तरी तो डोळे पुसून, घाम टिपून त्यालाच सांगायला लागतो, कारण व्यासांनी काम सोपविले ते याच श्रोत्यासाठी.